सँडरसन डिझाईन ग्रुपचा शेअर घ्यावा का? डिझाईन टिकलं, पण शेअरहोल्डरचं काय झालं ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही इंग्लंडमधे राहता, स्टॉक्स अँड शेअर्स आयसामधे (शेअरच्या नफ्यावर टॅक्स न लागणारं ब्रिटिश खातं) थोडे पैसे पडून आहेत, सँडरसन डिझाईन ग्रुप या वॉलपेपर आणि पडदे-सोफ्याचं कापड बनवणाऱ्या कंपनीचा शेअर बुक व्हॅल्यूच्या (म्हणजे हिशेबाच्या वहीतली मालमत्ता वजा देणी) बराच खाली मिळतोय असं दिसलं, कंपनीकडे विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश डिझायनरची डिझाईन्स आहेत, १८६० पासूनचं नाव आहे, तर घ्यावा का. आणि पुण्यातल्या भावालाही घ्यायचाय, ते जमेल का.

मी आधी बरीच वर्षं कापड छपाईत काम केलंय आणि नंतर लंडनच्या छोट्या लिस्टेड कंपन्यांचे हिशेब वाचायचं काम करतोय, त्यामुळे ही कंपनी मला दोन्ही बाजूंनी माहितीये, आणि खरं सांगायचं तर आवडते पण. म्हणूनच जरा लांबलचक लिहितोय, कारण या शेअरमधे लोक डिझाईनच्या प्रेमात पडून पैसे घालतात आणि हिशेब नंतर वाचतात.

आधी हे लक्षात घ्या की "हेरिटेज" आणि "शेअरहोल्डरचे पैसे सुरक्षित" या दोन गोष्टींचा एकमेकांशी फार संबंध नाहीये. मॉरिसने १८६१ मधे मित्रांबरोबर फर्म काढली, १८७५ मधे ती एकट्याकडे घेऊन मॉरिस अँड कंपनी केली, स्ट्रॉबेरी थीफ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं कापड १८८३ चं. आणि तीच मॉरिस अँड कंपनी १९४० मधे लिक्विडेशनमधे गेली, म्हणजे बंद होऊन मालमत्ता विकली गेली. तेव्हा तिची वॉलपेपरची बाजू सँडरसनने घेतली. मग ती सँडरसन, म्हणजे आर्थर सँडरसन अँड सन्स, २००३ मधे अॅडमिनिस्ट्रेशनमधे (दिवाळखोरीतला कारभार) गेली, आणि वॉकर ग्रीनबँक नावाच्या लिस्टेड कंपनीने ती मॉरिससकट उचलली. याच वॉकर ग्रीनबँकने २०२० च्या शेवटी नाव बदलून सँडरसन डिझाईन ग्रुप केलं. म्हणजे बघा, डिझाईन्स तीच, लोकांचं प्रेम तेच, पण ज्या कंपन्यांच्या हातात ती होती त्या दोन वेळा बुडाल्या. डिझाईन प्रत्येक वेळी पुढच्या मालकाकडे गेलं आणि आधीच्याने ज्या खर्चात ते सांभाळलं होतं तो खर्च मात्र त्याच्याच अंगावर राहिला. तुम्ही शेअर घेताना डिझाईन विकत घेत नाही, ते सांभाळायची आजची सगळी यंत्रणा विकत घेता, कारखाने, माल, कामगार, जुनी पेन्शन, सगळं.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहितीच नसते. मॉरिस १८९६ मधे गेला, इंग्लंडमधे कॉपीराईट मरणानंतर ७० वर्षं, म्हणजे त्याची डिझाईन्स कधीचीच सगळ्यांसाठी मोकळी आहेत. मॉरिसच्या नावाने जे खपतं त्यातलं बरंच त्याचा शिष्य जॉन हेन्री डर्ल याचं आहे, गोल्डन लिली वगैरे, तो १९३२ मधे गेला, म्हणजे तीही २००३ पासून मोकळी. त्यामुळेच चहाच्या कपापासून मोबाईल कव्हरपर्यंत सगळीकडे स्ट्रॉबेरी थीफ दिसतं आणि त्यातल्या बहुतेकांचा एक पेनीसुद्धा या कंपनीला मिळत नाही. म्युझियम्स स्वतः त्यांच्या संग्रहातल्या नमुन्यांवरून लायसन्स देतात ते वेगळंच. मग कंपनीकडे आहे काय? "मॉरिस अँड को" हा ट्रेडमार्क आहे, मूळ कागदपत्रं, लॉगबुकं आणि छपाईचे ठोकळे असलेलं अर्काईव्ह आहे, नव्याने काढलेली रंगसंगती आहे, आणि इंटिरिअर डिझायनर लोकांचा विश्वास आहे की यांच्याकडचा रोल म्हणजे रंग पक्का आणि रिपीट (नक्षीची जोड) बरोबर. हे सगळं खरं आहे आणि त्याला किंमतही आहे, पण ही मक्तेदारी नाही. एखाद्याने "यांच्याकडे मॉरिस आहे, दुसऱ्या कोणाला बनवताच येणार नाही" असं सांगितलं तर ते चूक आहे.

आता धंदा बघू. एकाच कंपनीत तीन वेगवेगळे धंदे आहेत आणि ते वेगवेगळे वाचले नाहीत तर काहीच कळत नाही. पहिला ब्रँडचा, सँडरसन, मॉरिस अँड को, झोफनी, हार्लेक्विन, क्लार्क अँड क्लार्क वगैरे नावांनी वॉलपेपर आणि कापड विकायचं, साधारण तीन चतुर्थांश विक्री यातून येते. दुसरा छपाईचा, लफबरोची अॅन्स्टी ही वॉलपेपर फॅक्टरी आणि लँकेस्टरची स्टँडफास्ट अँड बॅरॅक्स ही कापड छापणारी, या स्वतःच्या ब्रँडसाठी छापतात आणि बाहेरच्या, म्हणजे चक्क स्पर्धक ब्रँड्ससाठी पण. तिसरा लायसन्सिंगचा, डिझाईन दुसऱ्याला वापरू द्यायचं आणि रॉयल्टी घ्यायची, एचअँडएमबरोबर २०१८ मधे मॉरिसचे कपडे आले होते ते आठवत असेल, नेक्स्टबरोबर आहे, बेडेकच्या चादरी, जपानमधे सांगेत्सू, अशी बरीच.

यातला छपाईचा धंदा मला जवळचा म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो, कारण शेअरचं खरं दुखणं तिथेच आहे. छपाईच्या कारखान्यात मशीन चालो न चालो, बॉयलर, कुशल माणसं, कलर किचन, डिझाईन सेटिंग, मेंटेनन्स हे सगळं उभंच असतं. इचलकरंजी किंवा भिवंडीला कुठल्याही प्रोसेस हाऊसच्या मालकाला विचारा, ऑर्डर भरलेल्या असल्या की पैसा येताना दिसतो आणि वीस टक्के मीटर कमी झाले की बँकेचा हप्ता कुठून भरायचा हा प्रश्न पडतो. अॅन्स्टीकडे तर जुन्या सरफेस प्रिंटिंगपासून ग्रॅव्ह्युअर, स्क्रीन, डिजिटलपर्यंत इतक्या पद्धती एका छताखाली आहेत की जगात असे कारखाने फार थोडे उरलेत, त्यासाठी माझ्या मनात खूप आदर आहे. पण प्रत्येक पद्धतीचं मशीन आणि ते चालवणारा माणूस सांभाळायचा म्हणजे फिक्स्ड खर्च. आणि लँकेस्टरचा कारखाना नदीकाठच्या भागात आहे, डिसेंबर २०१५ मधे स्टॉर्म डेस्मंडच्या पुरात तो पाण्याखाली गेला होता, इन्शुरन्स होता म्हणून कंपनी सावरली. एकाच जागी एकच कापड छपाईचा कारखाना असणं ही रिस्क कागदावर दिसत नाही पण असते.

याचा परिणाम आकड्यात बघा. जानेवारी २०२४ ला संपलेल्या वर्षात विक्री १०.८६ कोटी पौंड आणि अॅडजस्टेड (एकदाचे खर्च वगळून, टॅक्सआधीचा) नफा १.२२ कोटी. पुढच्या वर्षी, जानेवारी २०२५ ला, विक्री १०.०४ कोटी आणि नफा ४४ लाख. म्हणजे विक्री पडली साडेसात टक्के आणि नफा पडला चौसष्ट टक्के. ८२ लाखाची विक्री गेली आणि जवळपास ७८ लाखाचा नफा गेला. डिव्हिडंड ३.५ पेन्सवरून १.५ पेन्सवर आला, रोकड दीड कोटीच्या वर होती ती साठ लाखाच्या आत आली. हे मॅनेजमेंटने काहीतरी मोठा घोळ घातला म्हणून झालं असं मला वाटत नाही, या धंद्याची बांधणीच अशी आहे. उलट वारं फिरलं तर नफा पण असाच झपकन वर जातो, आणि शेअर घेण्याचं कारण शोधायचं तर ते तिथेच आहे.

वारं म्हणजे मुख्यतः घरांची खरेदी-विक्री. लोक वॉलपेपर आणि पडदे बदलतात ते घर बदलल्यावर. कोविडनंतर लोक घरात बसले, स्टँप ड्युटीत सूट होती, घरं धडाधड विकली गेली, तेव्हा मार्च २०२० मधे पेन्समधे कोसळलेला हा शेअर दुसऱ्या वर्षी दोन पौंडाच्या आसपास गेला. मग बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर डिसेंबर २०२१ च्या ०.१ टक्क्यावरून ऑगस्ट २०२३ पर्यंत ५.२५ वर नेला, घरांचे व्यवहार थंडावले, आणि २०२४ मधे शेअर परत कोसळला. एचएमआरसी, म्हणजे ब्रिटिश कर खातं, दर महिन्याला घरांच्या व्यवहारांचे आकडे काढतं, फुकट आहेत, शेअरच्या चार्टपेक्षा ते बघत जा.

आणि एक गोष्ट ग्रोथबद्दल. जानेवारी २०१९ ला संपलेल्या वर्षात विक्री ११ कोटीच्या थोडी वर होती, जानेवारी २०२३ ला पण ११.२ कोटी. मधे इंग्लंडमधली महागाई वीसेक टक्के वाढली. म्हणजे भाव वाढवूनसुद्धा विक्री तेवढीच, याचा अर्थ रोल आणि मीटर कमी खपले. ज्याला ही "ग्रोथ कंपनी" वाटते त्याने हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. अमेरिकेत वाढ आहे, ती खरी आहे आणि मला तीच सगळ्यात आशेची जागा वाटते, पण २०२५ पासून तिथे ब्रिटिश मालावर टॅरिफ लागलं हेही धरायला पाहिजे.

आता लायसन्सिंग, कारण रिपोर्टमधे सगळ्यात चमकदार तेच दिसतं आणि तिथेच वाचताना सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते. ही कंपनी आयएफआरएस १५ नावाचा अकाउंटिंगचा नियम पाळते, त्यामुळे तिच्या लायसन्समधे समोरच्याने चार-पाच वर्षांसाठी जी किमान रॉयल्टीची गॅरंटी दिली असेल ती पहिल्याच वर्षी उत्पन्न म्हणून दाखवली जाते, पैसे मात्र पुढची वर्षं हळूहळू येतात. यात काही लबाडी नाही, नियमच तसा आहे आणि कंपनी "अॅक्सिलरेटेड" म्हणून तो भाग सांगते पण. पण मग वर्षाचा लायसन्सिंगचा आकडा नवीन करार किती झाले त्यावर वरखाली होतो. जानेवारी २०२३ च्या वर्षात लायसन्सिंग ६५ लाख पौंड होतं, पुढच्या वर्षी १.०९ कोटी झालं. म्हणजे ४४ लाख वाढले आणि लायसन्सिंगला खर्च फारसा नसतो, तर एकूण नफा तेवढा वाढायला हवा होता ना? तो १.२६ कोटीवरून १.२२ वर आला. म्हणजे उरलेला धंदा, ब्रँड आणि छपाई मिळून, एका वर्षात पन्नास लाखाच्या आसपास कमी कमवायला लागला होता आणि वरचा आकडा जवळजवळ तसाच राहिल्यामुळे ते बऱ्याच जणांना दिसलं नाही. २०२४ ची पडझड अचानक आली असं लोक म्हणतात, पण एक वर्ष आधीच्या रिपोर्टमधे ती लिहिलेली होती. तुम्ही नवीन रिपोर्ट उघडाल तेव्हा हीच वजाबाकी करा, लायसन्सिंग काढा आणि उरलेल्याचं काय होतंय ते बघा. मग कॅश फ्लो स्टेटमेंटमधे ऑपरेटिंग कॅश, म्हणजे धंद्यातून खरोखर हातात आलेली रोकड बघा, आणि मिळायच्या बाकी असलेल्या रॉयल्टीचा आकडा फुगत चाललाय का ते बघा.

बुक व्हॅल्यूच्या खाली मिळतोय म्हणून स्वस्त, यावर. बुकमधे काय आहे? माल आहे, अडीच कोटी पौंडाच्या वरचा. या धंद्यात माल साचतोच, कारण भिंतीला सहा रोल लागणार असतील तर सहाही एकाच बॅचचे लागतात, नाहीतर शेड फरक पडतो, त्यामुळे प्रत्येक डिझाईनच्या प्रत्येक रंगात पुरेसा साठा ठेवायचा आणि बॅचमधे दोन-तीन रोल उरले की ते सुटे पडून राहतात. डिझाईन चाललं नाही तर हा माल अर्ध्या भावात पण जात नाही. मग इमारती, मशीन. आणि इनटॅन्जिबल, म्हणजे ब्रँड, नवीन कलेक्शन आणि पॅटर्न बुकांचा खर्च, आणि गुडविल (दुसरी कंपनी घेताना तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त दिलेले पैसे). क्लार्क अँड क्लार्क ही कंपनी त्यांनी २०१६ मधे जास्तीत जास्त ४.२५ कोटी पौंड धरून घेतली होती. २०२५ च्या सुरुवातीला सात कोटीच्या वर शेअर गुणिले तेव्हाचा भाव केला तर आख्ख्या ग्रुपची बाजारातली किंमत त्याहून कमी होती, आणि त्या वर्षाच्या हिशेबात कंपनीने इनटॅन्जिबलची किंमत मोठ्या प्रमाणात खाली आणली. म्हणून बुक व्हॅल्यूवर भरवसा ठेवून घेऊ नका. गंमत अशी की सगळ्यात अनमोल वस्तू, सँडरसन आणि मॉरिसचं अर्काईव्ह, पुस्तकात पन्नास लाखाच्याही आत आहे. लोक म्हणतात "इथे लपलेली व्हॅल्यू आहे". असेल. पण ते अर्काईव्ह विकून तुम्हाला पैसे वाटले जाणार नाहीत, ते विकलं तर मागे उरतं काय.

आपल्याकडे जुनी गिरणी म्हटलं की लगेच डोक्यात जमीन येते, आणि बरोबरच आहे, बॉम्बे डाईंगने २०२३ मधे वरळीची २२ एकर जमीन ५,२०० कोटींना विकायचं ठरवलं तेव्हा शेअरहोल्डरला जे मिळालं ते चादरींमुळे मिळालं नाही. मराठी मित्र मला याच आशेने विचारतात की फॅक्टरीची जागा किती आहे. लफबरो आणि लँकेस्टर म्हणजे लोअर परळ नव्हे. तो हिशेब इथे लागू होत नाही, तो सोडून द्या.

पेन्शन पण बघा. जुन्या कामगारांच्या ठरलेल्या पेन्शनच्या दोन स्कीम कंपनीच्या डोक्यावर आहेत. आता नवीन कोणी त्यात जात नाही, पण दिलेला शब्द पाळावाच लागतो आणि पाळलाच पाहिजे, आयुष्य त्या मशीनवर घालवलेली माणसं आहेत ती. शेअरहोल्डर म्हणून एवढंच की पेन्शनवाल्यांचा नंबर तुमच्या आधी आहे, तेव्हा छोटी मार्केट कॅप (सगळ्या शेअर्सची बाजारातली किंमत) बघून खूश होताना ती जबाबदारी त्यात मिळवा. अॅन्युअल रिपोर्टच्या नोट्समधे असते.

तुलनेसाठी कोलफॅक्स ग्रुपचे जुने रिपोर्ट जरूर वाचा. तोही इंग्लिश, तोही उच्च दर्जाचं कापड आणि वॉलपेपर, कोलफॅक्स अँड फाउलर, मॅन्युएल कॅनोव्हास, जेन चर्चिल वगैरे, विक्री साधारण तेवढीच, पण स्वतःचा छपाई कारखाना नाही, बाहेरून छापून घेतात. अमेरिका ही त्यांची मोठी बाजारपेठ आहे, आणि उरलेल्या पैशातून वर्षानुवर्षं स्वतःचेच शेअर परत विकत घेऊन रद्द केले, त्यामुळे राहिलेल्याचा वाटा वाढत गेला. एकाच धंद्याच्या दोन पद्धती शेजारी ठेवून वाचल्या की कारखाना ठेवण्याची किंमत काय आहे ते जे कळतं ते कुठल्याही कोर्समधे कळणार नाही. आता कोणी म्हणेल मग सँडरसनने कारखाने विकून टाकावेत. मला तसं वाटत नाही. स्वतःचा कारखाना आहे म्हणून ते छोटे लॉट छापू शकतात, जुनी पद्धत जिवंत ठेवू शकतात, आणि "इंग्लंडमधे छापलेलं" याला अमेरिकेत आणि जपानमधे भाव आहे. प्रश्न एवढाच की मशीन भरलेली राहतात का. स्पर्धक ब्रँड्सकडून येणारं बाहेरचं छपाईचं काम वाढतंय की घटतंय हा आकडा त्यामुळे मी सगळ्यात आधी उघडतो, तो वळला की बाकीचं मागोमाग वळतं.

माझं मत विचाराल तर हा शेअर "घेऊन विसरून जा" टाईपचा नाही. हा सायकलचा, म्हणजे तेजी-मंदीच्या चक्राबरोबर वरखाली होणारा शेअर आहे. घरांचे व्यवहार सुधारतायत, बाहेरचं छपाईचं काम वाढतंय, लायसन्सिंग वगळून नफा वर येतोय आणि रोकड कमी होणं थांबलंय, या चारपैकी किमान तीन गोष्टी एका सहामाही रिपोर्टमधे दिसल्या तर मी घेईन, थोडा भाव वर गेलेला असला तरी चालेल. नुसता पडलाय म्हणून घेणार नाही. आणि एकूण पोर्टफोलिओच्या दोन-तीन टक्क्यांच्या वर नाही. मी वर दिलेले आकडे जानेवारी २०२५ च्या वर्षापर्यंतचे आहेत, तुम्ही त्यानंतरचे रिपोर्ट उघडून याच चार गोष्टी तपासा.

घेताना एक प्रॅक्टिकल गोष्ट. हा एआयएमवरचा (लंडनचा छोट्या कंपन्यांचा बाजार) छोटा शेअर आहे, रोज फार थोडे सौदे होतात, खरेदी आणि विक्रीच्या भावात चांगलं अंतर असतं, त्यामुळे मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावात) अजिबात टाकू नका, लिमिट (तुम्ही ठरवलेल्या भावापर्यंतच) टाका आणि थांबा. वाईट बातमीच्या दिवशी विकायला गेलात तर स्क्रीनवर दिसतो तो भाव थोड्याच शेअर्सना मिळतो. बाकी एआयएमचे फायदे आहेत, ऑगस्ट २०१३ पासून आयसामधे चालतात आणि एप्रिल २०१४ पासून स्टँप ड्युटी नाही. पूर्वी वारसा कर वाचवायला बरेच फंड एआयएमचे शेअर घ्यायचे, ती सवलत एप्रिल २०२६ पासून निम्मी केलीये, म्हणजे त्या बाजूची मागणी कमी होऊ शकते हे धरून चला.

पुण्यातल्या भावाबद्दल. कायद्याने घेता येतो, एलआरएसमधे (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण भारतातली बरीच अॅप फक्त अमेरिकन शेअर देतात, लंडनचं एआयएम देणारा इंटरनॅशनल ब्रोकर शोधावा लागेल आणि कमी रकमेला त्याचा खर्च परवडत नाही. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेने आधीच कापलेला टॅक्स) कापला जातो, रिटर्न भरताना तो परत मिळतो किंवा अॅडजस्ट होतो पण तोवर पैसे अडकतात. डिव्हिडंडवर इंग्लंड काही कापत नाही, भारतात स्लॅबप्रमाणे टॅक्स. विकून नफा झाला तर २४ महिने ठेवलेल्यावर साडेबारा टक्के. आणि इन्कम टॅक्स रिटर्नमधलं परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए दर वर्षी भरायचंच, शेअर शंभर असोत की हजार; जमीन-घर सोडून परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखाच्या वर असेल आणि त्यात चूक झाली तर दहा लाखांचा दंड होऊ शकतो. पन्नास हजार-लाख रुपये गुंतवायचे असतील तर त्याला एवढा खटाटोप करायला मी सांगणार नाही. तुम्ही तिथे आहात, वरच्या चारपैकी तीन गोष्टी दिसल्या तर तुमच्या आयसामधे लिमिट लावून थोडे घ्या, आणि मधल्या सहामाहीचा रिपोर्ट आला की लायसन्सिंग वजा करून मला आकडा सांगा, मग पुढचं बोलू.